मुशीतली पाहुणी

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर जिन्यात उभा होतो. पप्पांचे तीन फोन येऊन गेले होते. कामाच्या वेळेत पप्पा कधी फोन करत नाहीत. भट्टी पेटलेली असली की त्यांच्या हातात सांडशी असते आणि कानात बर्नरचा आवाज. तीन फोन बघूनच मला कळायला हवं होतं. मी फोन लावला तर पलीकडे बर्नर बंद होता. आमच्या दुकानात दिवसा अकरा वाजता एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पप्पा म्हणाले, "सकाळी चहा देऊन आलो होतो रे. दुसऱ्यांदा गेलो, तर चहा तसाच..." मी बॅग घेतली, बस पकडली. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली आणि त्याचं मला बरं वाटलं, हे अजून आठवतं. अशा वेळी माणसाला असलं काहीतरी बरं वाटतं याची नंतर लाज वाटते.

मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. पण नानांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येईना, म्हणून लिहितो आहे.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं आणि सराफाला परत द्यायचं, हा तो धंदा. नाना तरुणपणी बंगळुरूत नगरथपेठेत आले, मागून त्यांनी पप्पांना आणलं आणि सहावीत असताना मला. आई आणि बहीण गावी, आणि इथे आम्ही तिघं पुरुष. खाली दहा फुटांचं दुकान, वर एक खोली, खोलीच्या दाराबाहेर गच्ची. नानांची बायको पूर्वीच वारली होती. एक मुलगी, सुनीताताई, गावाकडेच दिली आहे. मला भाकरी थापायला नानांनी शिकवलं. त्यांच्या बोटांची कातडी तेजाबाने पिवळी पडलेली असायची, आणि भाकरीला कधी कधी त्याचा किंचित वास यायचा. शाळेत मी डबा उघडायला कचरायचो. हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

ते गेले त्या जागी, गच्चीच्या दाराशी, दिवा ठेवला. ताई रातोरात गावाहून आली होती. आमच्याकडे दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि नंतर पिठावर काय उमटलं ते बघतात. गेलेला माणूस कोणत्या रूपात जातो ते त्यावरून कळतं म्हणे. तिसऱ्या दिवशी टोपली उचलली तेव्हा ताईने मला वर हाक मारली. पिठात एक गोल उठला होता, हातभर रुंद, कडेला जरा जाड. ताई वाकून बघत म्हणाली, "पाखराचं पाऊल न्हाई, गुराचं खूर न्हाई. हे तर मुशीचं बूड वाटतंय." मूस म्हणजे सोनं वितळवायचं काळं भांडं. मी मनात म्हटलं, टोपलीचीच कड घासली असेल. मी विज्ञान शिकतो, मी असंच म्हणणार. पण त्यानंतर मी तो जिना चढायचं टाळू लागलो. दहावा झाल्यावर ताई अस्थी घेऊन गावी गेली, मी हॉस्टेलवर गेलो. शनिवारी-रविवारी दुकानी येई, खालीच जेवे, खालीच झोपे. पप्पांनी कारण विचारलं नाही.

आता त्या झाडाबद्दल सांगायला हवं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तडकलेल्या एका मोठ्या मुशीत नानांनी एक झाड वाढवलं होतं. ते त्यांच्या आजोळचं. आमचा भाग दुष्काळी, पण नानांची आई पाटणकडच्या डोंगरातली होती. तिथल्या कातळाच्या सड्यांवर, बांधांवर पावसात हे झाड आपोआप उगवतं. ती वारली त्या वर्षी नाना मामाच्या बांधावरून त्याचा एक कंद फडक्यात गुंडाळून बंगळुरूला घेऊन आले. आजोळी त्याला सगळे पांढरी छत्री म्हणत. फुलं तशीच असतात. एका दांड्यावर छत्रीच्या काड्यांसारखे देठ, त्यांच्या टोकांना पुन्हा लहान छत्र्या आणि त्यावर बारीक पांढरी फुलं. लांबून बघितलं तर कुणी क्रोशाचा रुमाल वाळत घातलाय असं वाटावं. कडेच्या फुलांची बाहेरची पाकळी मोठी असते, आतल्या सगळ्या लहान. नाना म्हणायचे, कड मोठी ठेवली की मधलं झाकून जातं, झाडालाही कळतं हे. पण छत्री हे नाव त्यांनी इथे कधी वापरलं नाही. ते तिला पाहुणी म्हणायचे, कारण ती पावसाला यायची आणि दिवाळीआधी निघून जायची. पानं पिवळी पडून सुकायची, दांडा मोडायचा आणि मुशीत नुसती माती उरायची. सात महिने नुसती माती.

बंगळुरूत ती सुखासुखी रुजली नाही. पहिली दोन वर्षं नुसती पानं आली, जमिनीलगत पसरलेली खरखरीत पानं. कुंडीत कंद कुजायला लागला तेव्हा नानांनी तो काढून, कुजका भाग चाकूने कापून, वर राख लावून मुशीत हलवला. मुशीच्या बुडाला तडा होताच, तो त्यांनी ठोकून मोठा केला, खाली विटांचे तुकडे टाकले, लाल माती आणि बारीक खडी निम्मी-निम्मी घातली. तिला डोंगरावर खडकातच राहायची सवय, गादी कशाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. इथली खरी अडचण वेगळी होती. डोंगरावर दिवाळीनंतर जमीन कोरडी ठणठणीत होते आणि कंद निवांत झोपतो. बंगळुरूत मात्र फाल्गुन-चैत्रातही अवचित पाऊस येतो, आणि झोपलेल्या कंदाला पाणी लागलं की तो सडतो. म्हणून दिवाळीनंतर नाना मुशीवर पत्र्याचं झाकण ठेवायचे आणि त्यावर वीट. गच्चीत आणखी सात तडकलेल्या मुशी होत्या, त्यांच्यावरही तसंच झाकण, तशीच वीट.

त्या सात मुशींचं कारण आमच्या धंद्यात आहे. गलाईच्या दुकानातून केर कधी बाहेर टाकत नाहीत. भट्टीची राख, फरशीवरची धूळ, हात पुसायची फडकी, एवढंच काय, दाराशी काढलेल्या चपलांखालची मातीसुद्धा झाडून तडकलेल्या मुशींत साठवतात, कारण त्यात सोन्याचे कण असतात. वर्षातून एकदा, पाडव्याच्या आधी, झारेकरी येतो आणि हे सगळं घेऊन जातो. जाळून, कुटून, धुऊन त्यातून सोनं काढतो. तडकलेल्या मुशीही तो कुटतो, कारण मुशीची भिंतही थोडं सोनं पिते. आमच्याकडे मुनिराजू नावाचा झारेकरी पंचवीस वर्षं येतो. दरवर्षी नाना स्वतः गच्चीत उभे राहून त्याला मुशी उचलून द्यायचे, आणि टाकीखालच्या मुशीपुढे पाय रोवून म्हणायचे, "इदु बेडा." म्हणजे ही नको. मुनिराजू दरवर्षी हसून विचारायचा की अण्णा, यातच सगळ्यात जास्त सोनं आहे ना, म्हणून देत नाही ना... आणि नाना म्हणायचे, व्हय, तुला कसं कळलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या बाईंनी वर्गात फुलावर आलेली कोथिंबीर आणली आणि तिच्या कुळाची माहिती सांगितली. जिरं, ओवा, बडीशेप, गाजर, सगळी एकाच घरची. त्या छत्र्या बघून मी दचकलोच. त्या शनिवारी मोठ्या ऐटीत घरी आलो आणि नानांना सांगितलं की तुमची पाहुणी कोथिंबिरीची नातेवाईक आहे. ते चहा पीत होते. म्हणाले, "आज कळलं व्हय तुला? पान चोळून वास घेतला असतास तर कॉलेजची फी वाचली असती." मग मी बाईंच्या सांगण्यावरून वर्षभर त्या झाडाच्या नोंदी ठेवल्या. कोंब कधी वर आला, पानं किती, पहिली छत्री कधी उघडली, माश्या कोणत्या आल्या. मी वहीत लिहायचो आणि नाना पायरीवर बसून दुरुस्त्या सांगायचे. मी शिकलेला आणि ते चौथी पास, पण त्या वहीत माझं स्वतःचं असं फारच थोडं होतं.

बाईंना ते झाड फुललेलं बघायचं होतं. श्रावणात नाना एका सकाळी स्वच्छ सदरा घालून, मूस मांडीवर घेऊन रिक्षात बसले. ती मूस भरलेली, भलतीच जड. मी धरतो म्हटलं तर धरू देईनात. रस्ताभर छत्र्या वाऱ्यावर हलत होत्या आणि रिक्षावाला आरशातून आमच्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होता. वर्गात नाना शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी मुलांना झाडाबद्दल सांगितलं, त्यांना प्रश्न विचारले, ते उभे राहून उत्तरं देत होते, शाळेतल्यासारखे. माझ्या शेजारच्या मुलाने हळूच विचारलं की हे कोण, आणि तो वास कसला येतोय. मी म्हणालो, "आमच्या ओळखीचे आहेत." ... का म्हणालो, माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. परतताना रिक्षात ते मागे टेकून बसले होते. मला वाटलं दमले असतील. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा छत्रीवरची एक मुंगी बोटाने उचलून बाहेर सोडत ते म्हणाले, "ओळखीचे तर हायच की आपण." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, आणि काढायला हवा होता.

शेवटच्या वर्षात त्यांचा श्वास फार कमी झाला होता. चाळीस वर्षं तेजाबाचा धूर घेतला होता त्यांनी. भट्टीशी बसता येईना, म्हणून ते वर खोलीत बसून नमुन्यांचं काम बघायचे. हेही आमच्या धंद्यातलंच. कुणाचाही माल भट्टीत टाकण्याआधी त्यातला चिमूटभर तुकडा कापून कागदाच्या पुडीत बांधून ठेवायचा, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहायचा. नंतर कुणी म्हटलं, माझं सोनं असं नव्हतं, तर पुडी उघडून दाखवता येते. नानांचं अक्षर मोठं आणि वाकडं. नाव आणि जागा एवढे दोनच शब्द लिहायचे. रमेश अव्हेन्यू. भावसार चिकपेठ. पुड्या ठेवायची एक सागवानी पेटी होती, कप्प्याकप्प्यांची. लहानपणी मी विचारलं होतं, तुम्ही एवढे जुने, सगळे तुमच्यावर विश्वास ठेवतात, मग नमुना कशाला. ते म्हणाले होते, "विश्वास माणसावर असतो. भट्टीवर कुणी ठेवावा?"

ते गेले त्याच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. ते खुर्चीत, गच्चीचं दार उघडं, टाकीखाली मूस, झाकण, वीट. निघताना त्यांनी माझा हात धरला. बोलायला दम लागत होता, म्हणून दोन-दोन शब्दांनी थांबत म्हणाले, "पाहुणीकडं ध्यान ठेव. तुझा हात शिवशिवंल. पाणी घालू नको. झाकण काढून बघूही नको... पावसापातुर हात लावायचा न्हाई." मी हो म्हणालो. मला बस पकडायची होती. परीक्षा आठवड्यावर आली होती. त्यांनी हात जरा जास्तच वेळ धरला असं मला वाटलं, आणि मी तो सोडवून घेतला.

पाडव्याच्या आधी मुनिराजू आला तेव्हा पप्पा एका सराफाकडे गेले होते आणि दुकानात मी एकटा होतो. मुनिराजू नानांच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला, डोळे पुसले, आणि मग त्याने वर बोट दाखवून विचारलं. त्याचे दोन गडी टोपल्या घेऊन दारात उभे होते. मला जिना चढायचा नव्हता. वर दार होतं, खुर्ची होती, आणि त्या दाराशी पिठावर उठलेला तो गोल मला उघड्या डोळ्यांनी दिसत होता. मी खालूनच म्हणालो, "मेलिंदु एल्ला तगोंडु होगि." वरचं सगळं घेऊन जा.

"मण्णू कूडा?" त्याने विचारलं. मातीसुद्धा?

"एल्ला," मी म्हणालो. सगळं.

गड्यांनी मुशी खाली आणल्या. मी दुकानाच्या फळीवर पुस्तक उघडून बसलो होतो. एकेक काळी मूस, वर पत्रा, माझ्या समोरून दारातून बाहेर गेली. मी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर आठ भरल्या असत्या.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. घरचं, पप्पांच्या जेवणाचं, माझ्या परीक्षेचं विचारून झालं. मग तिने विचारलं, "पाहुणीला पाणी घालत न्हाईस न्हवं?" आणि तेव्हा मला टाकीखालची मूस आठवली. मी म्हणालो, नाही ताई, घालत नाही. हे खरं होतं, आणि यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. फोन ठेवला आणि कितीतरी आठवड्यांनी तो जिना चढलो. खोलीत नानांची खुर्ची तशीच होती. गच्चीच्या कठड्याशी सात गोल डाग होते, आणि टाकीखाली आठवा. हातभर रुंद, कडेला जरा जाड. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या मुशीचा, फरशीत मुरलेला. पिठावर उठला होता तो हाच. मी तिथे खाली बसलो. टाकीतून पाण्याचा थेंब पडत होता आणि मला खात्रीने वाटलं की मागे खुर्चीत कुणीतरी श्वास घेण्यासाठी थांबलं आहे... मी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुनिराजूची शेड शोधत गेलो. शहराबाहेर, पत्र्याची. एका पिंपात केर जळत होता, दोन बायका हौदात राख धूत होत्या. मुनिराजूला मी सगळं सांगितलं. तो उठून उभाच राहिला. त्याने आठवून सांगितलं की एका मुशीत केराऐवजी लाल माती होती, आणि मातीत मुठीएवढं, रताळ्यासारखं काहीतरी होतं. केर आधी जाळतात, म्हणजे त्यातले केस, दोरे, चिंध्या राख होतात. तेही पिंपात गेलं. जळताना त्याचा ओव्यासारखा वास आला होता, म्हणून एका बाईच्या लक्षात होतं. मुनिराजू पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, "हेळबेकित्तु. हेळबेकित्तु अल्वा." सांगायला हवं होतं ना. दरवर्षी अण्णा मुशीपुढे उभे राहायचे. या वर्षी कुणी उभं राहिलं नाही, तर मला वाटलं आता ती तुम्हाला नको आहे. त्याची काहीच चूक नव्हती. त्याने तर विचारलंही होतं.

त्यानंतरचे काही आठवडे मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. मला सगळीकडे त्या पांढऱ्या छत्र्या दिसायला लागल्या. मेसच्या स्वयंपाकघरात पडलेली फुलावरची कोथिंबीर, कुणाच्या तरी खिडकीतला जाळीचा पडदा, बसच्या काचेवरचा साबणाचा फेस. प्रयोगशाळेत नायट्रिकची बाटली उघडली की मान वर करून दाराकडे बघायचो. ताईचा नंबर स्क्रीनवर दिसला की फोन वाजू द्यायचो. तिच्याकडे वडिलांचं दुसरं काय होतं? इथे काढलेला एक फोटो, काठी, आणि ही समजूत की बंगळुरूला गच्चीवर आपल्या आजीच्या बांधावरची पाहुणी झोपली आहे आणि एक शिकलेला मुलगा तिला सांभाळतो आहे. पाऊस जवळ यायला लागला तसं मला कळलं की आता ती रोज विचारणार, कोंब आला का. मी पप्पांना आधी सांगितलं. ते सांडशी धूत होते. त्यांनी ती पुसून जागेवर ठेवली आणि म्हणाले, "मला न्हाई, सुनीताला सांग."

मी फोन केला. खोटं न बोलता, पहिल्यापासून सांगितलं. जिना चढलो नाही इथपासून, पिंपापर्यंत. वर्गात मी नानांना ओळखीचे म्हणालो होतो, तेही सांगितलं. त्याचा याच्याशी काय संबंध, पण ते बाहेर पडलं. पलीकडे फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ताई नाक ओढत म्हणाली, "रिक्षातलं मला सांगितलं होतं त्यांनी. हसत होते. म्हणाले, पोरगं ओशाळलं, आता चांगला अभ्यास करंल." आणि मग अगदी वेगळ्या, कामाच्या आवाजात म्हणाली, "सागर, पेटी बघितलीस का?"

"कुठली पेटी?"

"नमुन्याची. अरे, नमुना काढल्याबिगर त्या माणसानं कधी भट्टी पेटवली व्हती का?"

पेटी खोलीतच होती, खुर्चीशेजारी. पप्पा आणि मी दोघे वर गेलो. गिऱ्हाइकांच्या पुड्या पप्पांनी एकेक करून बाजूला ठेवल्या, त्या लोकांच्या, त्यांना परत द्यायच्या. सगळ्यात खालच्या कप्प्यात दोन पुड्या होत्या. एक फार जुनी, कागद तपकिरी पडलेला, घडीवर फाटलेला. आत बोटाला लागेल एवढी भुकटी होती, एकेकाळचं बी. वर त्यांचं वाकडं अक्षर: आई डोंगर. दुसरी पुडी नव्या वहीच्या कागदाची. माझ्याच नोंदवहीचं कोरं पान होतं ते, एका बाजूला समास छापलेला. आत चपटं, गोल, कडेला पातळ पापुद्रा असलेलं बी, मागच्या दिवाळीचं. वर लिहिलं होतं: सागर कॉलेज. आणि खाली, ते कधी लिहीत नसत असे आणखी दोन शब्द. पावसाला द्यायचं.

पप्पा ते वाचून खाली गेले. थोड्या वेळाने ठोकल्याचा आवाज आला. मी जिन्यातून वाकून पाहिलं तर त्यांनी परवाच तडकलेली एक मूस पालथी घातली होती आणि छिन्नीने तिच्या बुडाचा तडा मोठा करत होते.

हे लिहितो आहे तेव्हा नानांना जाऊन अकरा आठवडे झालेत. मूस टाकीखाली, त्या गोलावर बरोबर बसली आहे. विटांचे तुकडे, लाल माती, खडी, निम्मी-निम्मी. निम्मं बी ताईला पाठवलं. ती म्हणाली की ते आधी नानांच्या मामाच्या बांधाला नेऊन दाखवीन आणि मग दारात पेरीन. उरलेलं पाऊस लागला की पेरणार आहे. येईल की नाही, मला माहीत नाही. या कुळातल्या बियांचा भरवसा नसतो, आणि बियांपासून आलेलं रोप फुलायला वर्षं लागतात. तोवर मी कुठे असेन, तेही माहीत नाही. नुसत्या मातीकडे बघत बसायची सवय मात्र लागली आहे. मी आता वर झोपतो. पहाटे जाग आली की क्षणभर वाटतं, खुर्चीत कुणीतरी आहे आणि मी पाणी घालत नाही ना, हे बघतं आहे. मी अंथरुणातूनच सांगतो, नाही घातलं.

काल पेरणीसाठी बी मोजून काढताना हात थांबला. सगळं भट्टीत टाकायचं नसतं. मी पाच-सहा चांगल्या बिया वेगळ्या काढल्या, वहीच्या एका कोऱ्या कागदात बांधल्या आणि पेटीच्या खालच्या कप्प्यात, त्या तपकिरी पुडीशेजारी ठेवल्या. ठेवण्याआधी वर नाव आणि जागा लिहिली, त्यांच्यासारखी, दोनच शब्दांत.

नाना गच्ची.